ब्रेकसमोरची खूण

दर रविवारी सकाळी सात वाजता मी अंगणात पाटावर बसते आणि वही वाचते. मुलगी तिच्या छोट्या मोटारसायकलजवळ उकिडवी बसलेली असते. तिचे हात ग्रीसनं काळे झालेले असतात आणि वहीला डाग पडलेला तिच्या सरांना चालत नाही, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं.

"हवा," मी म्हणते. ती दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबते, मग मीटर लावते. "बघितली." "स्पोक." ती एकेका तारेवर पान्यानं टिचकी मारत जाते. सगळ्या तारांचा आवाज सारखा यायला हवा. "चेन." दोन बोटांनी वर उचलून बघते. "रेस." मूठ पिळून सोडते, ती आपोआप जागेवर आली पाहिजे. "ब्रेक." एक दांडी दाबून गाडी ढकलते, मग दुसरी दाबून ढकलते. "दोरी." ही मनगटात अडकवायची. पोरगी पडली की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. "नट." सगळे नट फिरवून बघते. मग साबणानं हात धुऊन येते आणि वहीत सातही शब्दांपुढं स्वतःच्या हातानं खुणा करते. त्या खुणा मी करायच्या नाहीत. तो सरांचा नियम आहे. ज्यानं गाडीवर बसायचं, त्यानंच बघायचं आणि त्यानंच खूण करायची.

मी चौथी शिकले आहे. माझं माहेर गगनबावड्याकडं. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडं होती आणि पावसाळ्यात चार महिने ओढ्याला उतार नसायचा. एका वर्षी घरच्यांनी ओढा उतरायची वाट बघितली. पुढच्या वर्षी कुणी बघितली नाही. वाचन मात्र मी सोडलं नाही. लिहिते पण. तोंडानं बोलायला मला अवघड जातं. मी घरी ब्लाऊज शिवते. गिऱ्हाईक बाईला काही विचारायचं असलं की कापडाला चिठ्ठी टाचून ठेवते, "गळा मागून किती?" बायका हसतात, पण उत्तर देतात. म्हणून ती वही वाचणं मला आवडायचं. सात शब्द, मोठ्यानं, आणि समोरून प्रत्येक शब्दाला उत्तर. घरात माझ्या बोलण्याला एवढं उत्तर दुसरं कुणी देत नाही.

ही गाडीची हौस पोरीला तिच्या पप्पांकडून आली. ते एका कारखान्यात लेथवर काम करतात. कळंब्याच्या पुढं एका माळावर पोरांना मातीतल्या गाड्या शिकवतात, तिथं ते तिला सहज बघायला घेऊन गेले. ती तेव्हा आठ वर्षांची होती. तिथले सर एकेकाळी स्वतः शर्यतीत पळायचे, आता उजवा पाय ओढत चालतात. त्यांनी ह्यांना विचारलं होतं, "पावणं, नुसतं बघायला आलाय का पोरगीला बसवायचंय?" हे म्हणाले, "पोरगी हाय ओ." सर म्हणाले, "गाडीला कुठं कळतंय?" तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता ती अकरा वर्षांची आहे आणि दिवाळीनंतरच्या शर्यतीत पहिल्यांदा उतरणार होती.

ह्या वर्षी खंडेनवमीला सरांनी सगळ्या पोरांना माळावर बोलावलं. गाड्या घरून तपासून, वहीत खुणा करून आणायच्या. तिथं पूजा होईल, नारळ फुटेल आणि मग दोन फेऱ्या. आम्ही रविवारसारखीच तपासणी केली. मी सात शब्द वाचले. ब्रेकच्या वेळी तिनं गाडी ढकलली तेव्हा चाक जागचं हललं नाही. हे मी डोळ्यांनी बघितलं. तिनं खुणा केल्या आणि ती अंघोळीला गेली.

खंडेनवमीला घरातल्या सगळ्या लोखंडाला तेल लावायचं, ही रीत मी माहेरी शिकले. आई खुरपी, कोयते, विळे आधी राखेनं घासायची, मग तेलाचा बोळा फिरवायची, मग हळदी-कुंकू. माझ्या घरात कोयते नाहीत. विळी आहे, अडकित्ता आहे, कात्र्या आहेत आणि शिलाई मशीन आहे. सगळ्यांना तेल लावून झालं. बोळा हातात होताच. बाटलीत खोबरेल होतं, पोरीच्या केसांचं. समोर गाडी उभी होती आणि तिची एवढीशी चाकं धुळीनं फिकी दिसत होती. मी नळ्या पुसल्या, दांड्या पुसल्या, चाकाच्या मधोमध ती भोकाभोकाची चकती असते ती पुढची पुसली, मागची पुसली. चकत्या आरशासारख्या चमकायला लागल्या. मी दोन पावलं मागं सरून बघितलं. मला फार बरं वाटलं.

पोरगी केस पुसत बाहेर आली. म्हणाली, "मम्मी, भारी दिसतीया की गं."

माझ्या मशीनला मी दर सोमवारी तेल देते. तेल दिलं की मशीन चालतं. एखादी वस्तू थांबवण्यासाठी असते आणि तिला तेल द्यायचं नसतं, हे माझ्या आयुष्यात कधी आलंच नव्हतं.

माळावर गाड्या ओळीनं लावल्या. सरांनी सगळ्यांच्या वह्या बघितल्या, खुणा मोजल्या आणि टेबलावर ठेवून दिल्या. झेंडूच्या माळा घातल्या, हळदी-कुंकू लावलं. एका पोरानं सवयीनं पाना काढला तसे सर ओरडले, "ए, पूजा झाल्यावर पाना लावायचा न्हाई. ठेव खाली." तो त्यांचा जुना नियम आहे. पूजेनंतर गाडीला हात फक्त बसायसाठी लावायचा. म्हणजे बघायचं आधी आणि पूजायचं नंतर. मधल्या वेळात गाडीला काय झालं, हे बघायची वेळच कुठं ठेवलेली नाही. मला तेव्हा हे सुचलं नाही, नंतर सुचलं. आणि सुचल्यापासून मी त्यावर चिडते आहे. पण सरांवर चिडले तरी बोळा माझ्याच हातात होता.

पहिली फेरी सरांच्या गाडीमागून ओळीनं, सावकाश. दुसरी मोकळी. सरळ वाटेवर ती तिसरी होती. वळणावर बाकीच्या गाड्या वळल्या. ती वळली नाही. ती सरळ गेली, जुन्या टायरांच्या ढिगात. दोरी निघाली, इंजिन बंद पडलं आणि माळावर एकदम शांत झालं. हे पळत गेले. मीही गेले, पण पदर सावरत, बायकांच्या मागून.

फार लागलं नव्हतं. डावं मनगट सुजलं आणि ओठ फुटला. ती टायरावर बसून होती. सर तिच्यासमोर उभे राहिले. त्यांच्या हातात तिची वही होती.

"ही खूण कुणाची?"

"माझी."

"ब्रेक बघितलतास?"

"बघितलता, सर."

"मग वळताना दाबलास का न्हाईस?"

"दाबला की. दोन्ही दाबले. लागलाच न्हाई."

सरांनी गाडी उभी केली आणि दोन्ही दांड्या दाबून बघितल्या. "ताठ हाईत. आता ऐक. ब्रेक चांगला असंल तर तू दाबला न्हाईस. आन दाबला म्हणतीस, तर ब्रेक खराब हुता, म्हंजे घरी तू बघितला न्हाईस. दोनातलं एक खोटं हाय. कुठलं ते तूच सांग."

तिनं फुटलेला ओठ आत घेतला. "दोन्ही खरं हाय."

आजूबाजूला आईबाप उभे होते. कुणीतरी हसलं. एक बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, पोरगीच्या जातीला नाच-गाणं बरं की. मी माझीला घातलंय." मी तिच्याकडं बघून मान हलवली. का हलवली, देव जाणे.

सर म्हणाले, "न बघता खूण केलेल्याला मी गाडीवर बसवत न्हाई. आज ओठ फुटला, उद्या मान मोडंल. दिवाळीपतोर बसायचं न्हाई. शर्यतीचं पुढच्या वर्षी बघू."

हे तेलामुळं झालं, ते मला त्या वेळी माहीत नव्हतं. पण ब्रेकची तपासणी मी बघितली होती. मी समोर बसले होते. "ब्रेक" हा शब्द मीच वाचला होता. "बघितला होता, मी साक्षीला होते," एवढंच म्हणायचं होतं. पोरीनं माझ्याकडं बघितलं. सर माझ्यापासून चार हातांवर होते. मी तिच्या केसांतली माती झाडत राहिले.

टेम्पोतून येताना हे सगळी वाट बोलत होते. "बघितला न्हवतास तर खूण कशाला करायची? सरळ सांगायचं ना, इसरलो म्हणून." पोरगी बाहेर बघत होती. "पप्पा, मी इसरलो न्हाई," ती एकदाच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दसरा. ती सोनं द्यायला सरांकडं गेली नाही. दरवर्षी पहिलं सोनं सरांना असायचं. पानं ताटलीत तशीच वाळली. दुपारी ती झोपली तेव्हा मी गाडी धुवायला घेतली. नळ्यांवरची माती पाण्यानं लगेच गेली. चकतीवरची जाईना. ती काळी, चिकट होऊन बसली होती, तेलकट तव्यावर पीठ सांडावं तशी. मी नखानं खरवडली आणि नख नाकाजवळ नेलं.

जळक्या खोबरेलाचा वास.

केसांना तेल लावून चुलीपुढं बसणाऱ्या बाईला तो वास सांगावा लागत नाही. मी नळ चालू ठेवून तशीच बसले. बादली भरून वाहायला लागली. तिनं ब्रेक बघितला होता. तिनं ब्रेक दाबलाही होता. दोन्ही खरं होतं, ती म्हणाली होती तसंच.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे आधी माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "डिस्कला? खोबरेल?" आणि कपाळाला हात लावला. "अगं, हातून पोरगी गेली असती."

"सरांना सांगा. तिची खूण खरी हुती म्हणून सांगा."

"काय सांगू? लेथवर काम करतोय मी वीस वर्सं, आन माझ्या घरात ब्रेकला तेल लावलं म्हणून सांगू? माळावर त्वांड दावता यील का मला?" थोड्या वेळानं आवाज खाली आणून म्हणाले, "ब्रेकचं पॅड आणून घालतो, चकतीला धरत्यात ती. पुढच्या वर्षी हायच की शर्यत. गप बस आता."

मी गप बसण्यात हुशारच आहे. पण त्या दिवशी त्यांनी मला ते सांगावं, ह्याचा मला राग आला. जेवणं झाली. मी भांडी आपटत घासली. माझा राग नेहमी भांड्यांवरच निघतो आणि घरात कुणाला तो ऐकू येत नाही.

पोरीला मी सकाळी सांगितलं. वेणी घालताना, पाठीमागून, म्हणजे तोंड बघावं लागणार नाही. "तेल मी लावलं होतं. तुझा ब्रेक चांगला होता." तिची मान ताठ झाली.

"मग सरांना सांग," ती म्हणाली.

"पप्पांना सांगते सांगायला."

"पप्पांनी लावलंय व्हय? तू लावलंयस न्हवं?"

मी "सांगते" म्हटलं.

रविवारी मी माळावर गेले. वहीतले वाचायचे तसे शब्द मी वाटेत मनात जुळवून ठेवले होते. "सर, चकतीला तेल मी लावलं." पाच शब्द. सर एका पोराच्या चेनला हात घालून बसले होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी वर बघितलं.

"काय वहिनी, डबा आणलाय? तिकडं टेबलावर ठेवा."

माझ्या हातात डबा नव्हता, पिशवी होती. मी मान हलवली.

"पोरीचं बोलायला आलाय व्हय?" ते उठले. "रडून काय हुणार न्हाई बघा. तुमची म्हणून सोडली तर उद्या सगळी पोरं घरात बसून खुणा करून आणतील. मला ह्यांच्या आयांना उत्तर द्यावं लागतंय."

ते खरं होतं आणि ते चूकही होतं. मी तोंड उघडलं. "तसं न्हाई," एवढं आलं. तेवढ्यात कुणीतरी गाडी चालू केली आणि सर तिकडं वळून ओरडले, "दोरी बांध आधी." ते पाय ओढत निघून गेले. पोरगी टेम्पोच्या फळीवर बसून हे सगळं बघत होती. घरी आल्यावर तिनं वही दप्तरातून काढली आणि कपाटात, जुन्या पुस्तकांच्या खाली ठेवली.

मला स्वतःची शिसारी आली. सरांना ऐकायचं नव्हतं असं नाही. त्यांनी माझ्यासमोर उभं राहून विचारलं होतं. एक बाई आली म्हणजे रडायला आली, हे त्यांनी ठरवून टाकलं, हा त्यांचा दोष. पण ते खोडायला मला एक श्वास पुरला असता. चाळीस वर्षांची झाले, अजून गिऱ्हाइकाला गळा किती हे विचारता येत नाही.

चिठ्ठीचं मला त्या विचारावरूनच सुचलं. दुपारी वही काढली. खंडेनवमीचं पान उघडलं. ब्रेकसमोर तिची खूण होती, बाकीच्या सहांपेक्षा थोडी मोठी. तिला ब्रेक तपासायला आवडतं, कारण गाडी ढकलायला मिळते. त्या खुणेखाली मी निळ्या पेनानं लिहिलं. दोनदा कच्चं लिहून मग पक्कं लिहिलं.

"ही खूण खरी आहे. ब्रेक तपासताना मी समोर होते. चाक हलले नाही. मुलगी अंघोळीला गेल्यावर दोन्ही चकत्यांना खोबरेल तेल मी लावले. तिला माहीत नव्हते. मला त्यातले कळत नव्हते." खाली लिहिलं, "आई."

पुढच्या रविवारी मी ती वही बाकीच्या वह्यांच्या वर, पान उघडं करून, दगड ठेवून टेबलावर ठेवली. मग नेहमीसारखी बायकांच्या मागं जाऊन उभी राहिले. सरांनी वही उचलली. वाचली. परत वाचली. वर बघून मोठ्यानं विचारलं, "ह्ये कुणी लिवलंय?"

सगळे बघायला लागले. ह्यांनी खाली मान घातली. पोरगी माझ्याकडं बघत होती, त्या दिवशी टायरावर बसून बघत होती तशीच.

"मी," मी म्हटलं.

"डिस्कला तेल?"

"व्हय. खंडेनवमीचं."

कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी तिकडं बघितलं तसं ते थांबलं. सर टेम्पोतून आणलेल्या आमच्या गाडीजवळ गेले, वाकून चकतीचा वास घेतला. ह्यांनी ती पेट्रोलनं पुसली होती. "पॅड बदलले?"

"न्हाई अजून," हे म्हणाले. "उद्या मिळत्यात."

"मग आज बी बसायचं न्हाई. तेल प्यालेला पॅड परत धरत न्हाई." त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि पोरीच्या खुणेशेजारी आपली सही केली. मग आणखी काहीतरी लिहिलं आणि वही तिच्या हातात दिली. "पॅड घाल. पुढच्या रविवारपास्नं ये. शर्यतीचं बघू." तोपर्यंत दुसरा पोरगा येऊन उभा राहिला होता. सर त्याच्याकडं वळले.

एवढंच. चार माणसांत तिला खोटी म्हटलं होतं, ते चार माणसांत परत घेतलं नाही. लाल सही केली की झालं, असं त्यांना वाटलं असेल. मी वाट बघत उभी राहिले, की जाता जाता तरी म्हणतील, "पोरी, तुझं खरं हुतं." ते म्हणाले नाहीत. टेम्पोत हे म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं? आता माळावर मला सगळी तेलवाले म्हणत्यात." पोरगी वही मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, सरांनी काय लिहिलंय? तिनं पान माझ्याकडं वळवलं. सात शब्दांच्या खाली लाल पेनानं आठवा: "धुतल्यावर, पुसल्यावर, पूजेनंतर परत ब्रेक."

पॅड आले. ती परत बसायला लागली. शर्यतीआधी तिच्या हातात दोनच रविवार उरले आहेत आणि वळणावर ती अजून लवकर ब्रेक दाबते, बाकीच्यांपेक्षा बरंच आधी. सर ओरडतात, "एवढ्या लांबनं काय दाबतीस?" ती ऐकते आणि पुढच्या फेरीला परत लांबूनच दाबते. शर्यतीत अशानं ती मागं पडेल. तिचं मनगट बरं झालं, ब्रेकवरचा विश्वास अजून झालेला नाही. हे सरांना दिसत नाही. मला दिसतं आणि मी बोलत नाही.

आज सकाळी मी पाटावर बसून वाचत होते. हवा, स्पोक, चेन, रेस, ब्रेक, दोरी, नट. मग आठवा, सरांचा. तिनं गाडी परत ढकलली. चाक हललं नाही. मी वही मिटायला गेले तर ती म्हणाली, "अजून हाय." आठव्याच्या खाली तिनं पेन्सिलीनं नववा लिहिला होता. मी तो मोठ्यानं वाचला, कारण वाचायचं काम माझं.

"मम्मीला विचारलं."

ती माझ्याकडं बघत थांबली. तिला गंमत करायची नव्हती.

"गाडीला हात लावलायस?"

"न्हाई."

"बोळा, फडकं, काय बी?"

"न्हाई लावला."

तिनं साबणानं हात धुतले आणि नवव्यापुढं खूण केली. मला राग आला. अजूनही आहे, हे लिहिताना. पण पुढच्या रविवारीही ती विचारणार आणि मला तोंडानं उत्तर द्यावं लागणार. चिठ्ठी तिला चालणार नाही.